उलटं करून बघा : कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बुटीकमधली खरेदी

नाशिकमध्ये 'बुटीक' या एका पाटीखाली चार वेगवेगळ्या जातीची दुकानं चालतात, आणि आपली निम्मी फसगत दारातच होते ती यामुळे. एक बुटीक सुरत-जयपूरहून गठ्ठ्याने तयार माल आणून स्वतःचं लेबल लावून विकतं. दुसऱ्याच्या पडद्यामागे खरोखर मास्टर, म्हणजे कापड बेतणारा शिंपी, बसलेला असतो, मशीनचा आवाज येत असतो. तिसरं हातमाग आणि ठशांच्या कापडावर भर देतं. आणि चौथं असतं थत्तेनगर किंवा येवलेकर मळ्यातल्या एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर, जिथे पाटीही नसते, नुसता इन्स्टाग्रामवरचा पत्ता असतो आणि चप्पल बाहेर काढावी लागते.

चौघांची बाहेरची काच सारखीच चकाकते. म्हणून आत गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, "मास्टर इथेच बसतात का?" उत्तर "हो ताई, वर बसतात" असं आलं, तर पुढचा सगळा व्यवहार वेगळा. "नाही, बाहेरून करून देऊ" असं आलं, तर तुम्ही फक्त तयार कपड्याच्या दुकानात आहात असं समजा आणि त्याच हिशेबाने पैसे मोजा. कारण बुटीकमध्ये जे जादा पैसे जातात ते कापडाचे नसतात. तेच कापड रविवार कारंजा, मेन रोड नाहीतर कापडपेठेत मीटरवर स्वस्त मिळतं. जादा पैसे बेतण्याचे आणि शिवणीचे. ते काम वसूल झालं की नाही, हे कपड्याच्या सुलट बाजूने कधीच कळत नाही.

माझी मावशी पंचवटीत मशीन चालवायची. कुठल्याही दुकानात गेली की हँगरवरचा ड्रेस काढून आधी उलटा करायची. दुकानदाराचा चेहरा पडायचा, आम्हा पोरींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मी तेच करते.

निघण्याआधी

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड जवळजवळ समांतर जातात आणि मधल्या गल्ल्यांत, म्हणजे मॉडेल कॉलनी, पाटील लेन, थत्तेनगर या पट्ट्यात, खरी मजा आहे. मोठ्या रस्त्यावरचं भाडं जबरदस्त, ते शेवटी किमतीच्या चिठ्ठीत उतरतं. म्हणून मी कॅनडा कॉर्नरपासून सुरू करते, पण खरेदी आतल्या गल्लीत. गाडी न्यायची तर दुचाकी. चारचाकी घेऊन संध्याकाळी बीवायके कॉलेजच्या आसपास जागा शोधत फिरणं म्हणजे गोदाघाटावर पर्वणीला गाडी लावण्यासारखं आहे. सकाळी अकरा ते एक ही सगळ्यात शांत वेळ. दुकान नुकतं झाडून झालेलं असतं, मालकीणबाई स्वतः असतात, आणि मुख्य म्हणजे सूर्यप्रकाश असतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली राणी रंग मरून रंगाचा दिसतो आणि मोतिया रंग हळदीचा. रंग ठरवायचा तर कपडा दारापर्यंत नेऊन बघायचा, कुणी नाही म्हणत नाही.

महिना कुठला, यानेही फरक पडतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत मास्टर कुणाचं ऐकत नाही आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईची रांग सुरू. आषाढात मात्र तोच मास्टर चहा पीत बसलेला असतो आणि दुकानात सेलची पाटी असते. पितृपक्षात नवीन कपडा घ्यायचा नाही असं ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी जरूर पाळावं. पण नुसतं माप देऊन यायला कोण अडवतंय? कापड आधी घेऊन ठेवलेलं असलं की झालं.

सोबत काय न्यायचं : ज्या आतल्या कपड्यांवर तो पोशाख घालणार तेच घालून जा. लेहंगा किंवा गाऊन असेल तर त्या दिवशीची चप्पल पिशवीत. टाचेच्या दीड इंचाने घेर जमिनीवर लोळतो किंवा घोट्याच्या वर राहतो. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज. आणि एक मापपट्टी, स्वतःची. इतकं पुरे.

हँगरवरचा कपडा हातात आल्यावर

आधी उलटा करा. मग खांद्यापासून खाली या.

कडेच्या शिवणीच्या आत किती कापड सोडलंय ते बोटाने मोजा. एक इंच असेल तर चांगलं, अर्धा इंच चालवून घ्यावं लागतं, आणि नुसतं इंटरलॉक मारून कापड संपलेलं असेल तर तो कपडा ढिला करता येणार नाही, हे लिहून ठेवा. तीन हजारांच्या कुर्त्यात हे मार्जिन, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, नसेल तर तो कारखान्यातून आलेला आहे. तिथे शंभर कपड्यांमागे वाचवलेलं कापड म्हणजे नफा.

मग टीप बघा. बारीक, एकसारखी टीप हवी. दोन्ही बाजूंनी हलकं ताणलं की शिवणीतून उजेड दिसत असेल तर टाका मोठा आहे. दुसऱ्यांदा घातला की काखेत उसवणार. बाही जिथे मुंढ्याला, म्हणजे काखेच्या गोलाला, जोडली आहे तिथे चुण्या आहेत का ते बघा. पफ बाही सोडून इतर कुठल्याही बाहीत तिथे चुणी दिसली तर बेतणं चुकलंय, शिवणाऱ्याने ओढून बसवलंय. चौकटी किंवा पट्ट्यांचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर रेघा जुळतात का बघा. न जुळणाऱ्या रेघा हा कापड वाचवल्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा.

अस्तर हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळे थोडं थांबते. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं. वरचं कापड आटत नाही, किंवा कमी आटतं. मग ब्लाउजची पाठ आतून ओढल्यासारखी गोळा होते आणि आपण धोब्याला शिव्या देतो. चांगल्या बुटीकमध्ये अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापतात. "अस्तर भिजवून घेतलंय का?" हे विचारलं की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक कच्चं नाही. काही ठिकाणी अस्तर घामाला न शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याचं असतं. बोटांत चोळलं की गुळगुळीत सरकतं, किंचित चर्र आवाज करतं. एप्रिल-मेच्या लग्नात, तेही हॉलच्या जनरेटरने मान टाकल्यावर, त्याचं मोल कळतं.

शेवटी चेन, हुक, काज. चेन तीनदा वरखाली करा. हुकाला आतून पट्टी आहे का बघा, नाहीतर तो थेट कापडातून निसटतो. भरतकाम असेल तर आतल्या बाजूला लोंबणारे दोरे आणि टोचणारी तार तपासा. टिकल्या चिकटवलेल्या असतील तर नखाने हलकेच उचलून बघा. शिवलेल्या असतील तर हलणार नाहीत.

कापड काय आहे म्हणे?

बुटीकच्या भाषेत प्रत्येक गोष्टीला सुंदर नाव असतं. 'मसलिन' म्हणून जे विकलं जातं त्यात आजकाल बऱ्याचदा कृत्रिम धागा असतो. 'चंदेरी' म्हणजे मुळात रेशीम आणि सूत यांचं विणकाम, पण त्याच नावाखाली चकचकीत पॉलिएस्टरही येतं. 'खण' तर विचारूच नका. मूळ खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, चोळीसाठी विणलेला, पन्हा म्हणजे रुंदी लहान. आता खणाची साडी, खणाची पर्स, खणाचा नवऱ्याचा कुर्ता, सगळं यंत्रमागावरचं. वाईट नाही, मीही घेतलंय. पण हातमागाच्या भावात घेऊ नये.

अजरखचं तसंच. कच्छमधल्या अजरखपूर-धमडक्याच्या ठशांच्या कापडावर ठसा जिथे ठशाला मिळतो तिथे केसभर चुकामूक दिसते, रंग मागेपर्यंत उतरलेला असतो. डिजिटल छपाईत नक्षी निर्दोष आणि मागची बाजू फिकी, पांढरट. पुन्हा तेच, उलटं करून बघा.

घरी आल्यावर शंका राहिली तर शिवणीतला एखादा सुटा दोरा चिमट्यात धरून काडीने जाळा. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. रेयॉनही सुतासारखंच जळतं, त्यामुळे त्या दोघांत ही परीक्षा कामाची नाही. ओट्यापाशी, वाटीत पाणी घेऊन करा. माझ्या नणंदेने एकदा पूर्ण ओढणीचं टोक धरलं होतं.

पैठणीसाठी एक वळण

कॉलेज रोडवर पैठणीच्या काठाचे कुर्ते, जॅकेट, पैठणीची पर्स सर्रास मिळते. ते हौसेचं आहे, हौसेच्या भावात घ्या. पण खरी पैठणी घ्यायची असेल तर येवला आपल्याला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. निफाड-विंचूरवरून सकाळी निघालं की मागावर बसलेला विणकर बघून संध्याकाळी घरी. बुटीकमध्येच घेणार असाल तर पदर उलटा करा. जुन्या पद्धतीच्या हातमागावर पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने, धाग्यात धागा अडकवत विणतात. त्यामुळे मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलवेल) मागूनही जवळजवळ पुढच्याइतकीच रेखीव दिसते. यंत्रमागाच्या पैठणीत मागे मोकळे लांब धागे किंवा ते कापल्याची कुसं दिसतात. साध्या काठाची हातमागाची साडी काही आठवड्यांत होते, भरगच्च पदराची काही महिने घेते. तेव्हा 'हातमाग' म्हणून चार हजारांत कुणी मोराचा पदर देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

रेशमी कपड्याला लावलेल्या सिल्क मार्कच्या चिठ्ठीबद्दल एक गैरसमज आहे. ही चिठ्ठी रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगते. साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर, हे ती सांगत नाही, आणि जरीचा धागा चांदीचा की नुसता चमकणारा, हेही नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कुठल्या मुलखातल्या, कशा विणीच्या साडीला लावायचं हे ठरलेलं आहे. जरीचा धागा कुठला आहे हे बिलावर लिहून मागा. तोंडी 'प्युअर' म्हणणारे बिलावर लिहायच्या वेळी पेन शोधू लागतात.

शिवायला टाकायचं तर

बुटीकचा खरा कस इथे, आणि माझी फजितीही इथलीच. मामेबहिणीच्या हळदीसाठी गंगापूर रोडच्या एका चकाचक ठिकाणी पिवळा ब्लाउज टाकला होता. आदल्या रात्री मिळाला, घालून बघायला वेळ नव्हता. नवरीच्या गालाला हळद लावायला हात वर केला आणि काखेत टर्रकन आवाज झाला. मुंढा पाऊण इंच आखूड, आत मार्जिन शून्य. दिवसभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसले. सासूबाईंना वाटलं, सून एकदम संस्कारी झाली.

तेव्हापासूनचा क्रम असा. कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी कापड द्यायचं, लग्नसराईत दीड महिना. ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर कापड लागतं, पण लांब बाही, मोठं माप किंवा काठ जुळवायचा असेल तर जास्त. साडीतला ब्लाउजपीस कापण्याआधी मास्टरला दाखवा, तो काठ बाहीला आणायचा की पाठीला, हे तिथेच ठरतं. सुती कापड घरून भिजवून नेलेलं बरं.

माप अंगावरून घ्यायला लावा, जुना ब्लाउज फक्त पडताळ्याला. जुना ब्लाउज दोन वर्षं धुऊन सैलावलेला असतो आणि आपणही तेवढ्याच राहिलेलो नसतो. माप घेताना श्वास रोखून पोट आत घेण्याची सवय सगळ्यांनाच असते, ती तेवढ्यापुरती सोडा. छाती, कंबर, खांदा यांची मापं सगळे घेतात. तुम्ही मुंढ्याचं, दंडाचं आणि पाठीच्या गळ्याच्या खोलीचं माप घेतलं का ते बघा. टक्स, म्हणजे फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या, कुठे संपणार, पॅड घालायचे का, हुक पुढे की मागे, ब्लाउजचा बेत प्रिन्सेस कट की कटोरी, दोरीला लटकन की नको, हे सगळं एकेक करून बोला.

आणि बोललेलं प्रत्येक वाक्य चिठ्ठीवर. फोनवरचं चित्र दाखवून "असाच करा" एवढं सांगणं पुरत नाही. त्या चित्रातली बाई वेगळ्या बांध्याची, कापड वेगळ्या पडीचं. कागदावर हाताने गळा काढायला सांगा, शेजारी इंच लिहायला सांगा, ट्रायलची तारीख वेगळी आणि देण्याची तारीख वेगळी लिहून घ्या. मग त्या कागदाचा फोटो काढा. ॲडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका. उरलेली रक्कम हीच तुमच्या हातातली एकमेव दोरी.

ट्रायलला घाई नको. कच्च्या टिपेवर घालून बघायला मागा, पक्की शिवण घातल्यावर नाही. दोन्ही हात वर करा, मागे हुक लावल्यासारखे न्या, खाली वाका, खुर्चीत बसा, फुगडी घालणार असाल तर घालून बघा. मास्टर हसेल, हसू द्या. आरशात पाठ दिसत नाही, म्हणून मैत्रिणीला न्या. मैत्रीण अशी हवी जिला "छान दिसतंय गं" म्हणायची सवय नाही.

पैसे देताना

घासाघीस चालते का? तयार कपड्यावर थोडी, सेलच्या महिन्यात बऱ्यापैकी. शिवणीच्या मजुरीवर मी करत नाही. त्या माणसाचे डोळे त्यात जातात. त्याऐवजी फॉल-पिको, दुरुस्ती, लटकन अशा गोष्टी मजुरीत धरून मागा. मालकीणबाईंना ते सोपं जातं.

कर नीट समजून घ्या, कारण इथे शंभर रुपयांच्या फरकाने चारशे जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवलेल्या कपड्याची किंमत नगामागे २५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे २५०० चा कुर्ता करासह २६२५ ला पडतो आणि २६०० चा पडतो ३०६८ ला. साडी आणि न शिवलेलं कापड ५ टक्क्यांतच आहे. किमतीच्या चिठ्ठीवर एमआरपी छापलेली असेल तर त्यात कर आलेलाच असतो, वरून लावता येत नाही. ज्या दुकानाची नोंदणी आहे त्याच्या बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. छोट्या घरगुती बुटीकला नोंदणी नसू शकते, मालाच्या विक्रीसाठी ती मर्यादा आपल्याकडे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. त्यांनी साधं बिल दिलं तर काही गैर नाही. फक्त त्या साध्या बिलावर 'जीएसटी' म्हणून वेगळे पैसे लावले असतील तर थांबा आणि क्रमांक विचारा.

बिलही उलटं करून बघायचं. मागे बारीक अक्षरांत अटी असतात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ सगळीकडे छापलेली असते आणि आपण ती कायदा असल्यासारखी वाचतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा. पण सदोष म्हणजे उसवलेला, डागाळलेला, सांगितल्यापेक्षा वेगळ्या कापडाचा. घरी गेल्यावर नवऱ्याला रंग आवडला नाही, हा दोष कपड्याचा नव्हे. तिथे दुकानदाराने बदलून दिलं तर त्याचा चांगुलपणा. आधी दुकानात शांतपणे बोला, बहुतेक वेळा तिथेच मिटतं, कारण या पट्ट्यात गिऱ्हाईक तोंडोतोंडी येतं आणि तसंच जातं. नाहीच मिटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. इन्स्टाग्रामवरून घेतलं असेल तर संभाषणाचे आणि पैसे पाठवल्याचे फोटो जपून ठेवा, तिथे तेच बिल.

कपडा घरी आल्यावर

पहिल्या धुण्याआधी आतल्या शिवणीचं टोक ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळा. रुमालावर रंग उतरला तर तो कपडा वेगळा, गार पाण्यात, सावलीत वाळवायचा. जरीच्या साडीला सुती कापडात गुंडाळून ठेवा, डांबरगोळी थेट जरीला लागू देऊ नका आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घाला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.

शिवलेला कपडा दिवाळीपर्यंत वाट न बघता पहिल्या आठवड्यातच तासभर घरात घालून वावरा. कुठे काचतंय, कुठे सुटतंय ते तेव्हाच कळतं, आणि त्या दिवसांत मास्टरला तुमचं माप आठवत असतं. दुरुस्तीला नेताना जिथे अडचण आहे तिथे टाचणी लावून न्या.

आणि कपडा ताब्यात घेताना उरलेलं कापड मागून घ्या. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. वीतभर तुकडा, काठाची पट्टी, जे असेल ते. दोन वर्षांनी बाही ढिली करायची वेळ आली की तोच रंग नाशिकच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. माझ्याकडे अशा तुकड्यांची एक कापडी पिशवी आहे, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. त्या पिवळ्या ब्लाउजचा तुकडा मात्र नाही, तेव्हा मागायचं सुचलं नव्हतं. शेवटी काखेत मोतिया रंगाचा जोड लावून घेतला आणि हात खाली ठेवून तो अजून वापरते.